दोन पाय, दोन चाके

मुलांनो, संध्याकाळी समुद्रकिनाऱ्यावर फिरायला गेलात, तर तेथे तुम्हाला कोण कोण भेटते? माणसे तर भेटतातच, पण कुत्रीही भेटतात. एखादा कुत्रा फिलाओच्या झाडाखाली आरामात पहुडलेला असतो. एखादा लाटांवर भुंकत असतो. एखादा मुलांच्या चेंडूमागे वाऱ्यासारखा धावत असतो. धावणे हा कुत्र्याचा स्वभावच आहे. तो धावू लागला, की त्याचा आनंद त्याच्या कानांत, डोळ्यांत आणि शेपटीत दिसतो.

आता कल्पना करा. समजा, तुमच्या घरी मोती नावाचा कुत्रा आहे. एके दिवशी मोतीचे मागचे दोन पाय हलेनासे झाले. तुम्ही शाळेतून घरी आलात आणि नेहमीप्रमाणे फाटकातून हाक मारली, "मोती!" तो कसा येईल? तो येईल, पण पुढचे दोन पाय टेकत आणि बाकीचे अंग ओढत ओढत येईल. मागचे पाय ओल्या दोरीसारखे जमिनीवरून फरफटत येतील.

अशा कुत्र्यांसाठी माणसाने एक छोटीशी गाडी तयार केली आहे. ती गाडी कशी असते, ती काय करते आणि काय करत नाही, हे आपण या पाठात पाहू.

पण त्याआधी एक प्रश्न. पाय हलतात तरी कसे? तुम्ही आत्ता आपल्या उजव्या पायाचा अंगठा हलवून पाहा. हलला ना? हा हुकूम तुमच्या मेंदूने दिला. मेंदू डोक्यात आणि अंगठा पायात. मग हुकूम इतक्या लांब गेला कसा? तो पाठीच्या कण्यातून गेला. पाठीचा कणा हा मणक्यांची माळ असते. माळेतल्या मण्यांमधून जसा दोरा जातो, तशी या मणक्यांमधून एक नाजूक दोरी जाते. तिला मज्जारज्जू म्हणतात. मज्जारज्जूतून बारीक बारीक मज्जातंतू निघतात आणि सर्व शरीरभर पसरतात. मेंदूचा हुकूम याच वाटेने पायांपर्यंत पोचतो.

कुत्र्याच्या शरीरातही अशीच व्यवस्था असते. त्याच्या मानेत 7 मणके, छातीच्या भागात 13 मणके आणि कमरेत 7 मणके असतात. गंमत म्हणजे आपल्या मानेतही 7 च मणके असतात!

पाठीच्या मधल्या भागात मज्जारज्जूला इजा झाली, तर काय होईल? मेंदू हुकूम देतो, पण तो अर्ध्या वाटेतच अडतो. पुढच्या पायांची वाट मोकळी असते, म्हणून पुढचे पाय हलतात. मागच्या पायांची वाट बंद होते, म्हणून मागचे पाय लुळे पडतात. पायांची हाडे मोडलेली नसतात. पायांना फक्त मेंदूचा निरोप मिळत नाही.

अशी इजा होण्याची कारणे अनेक आहेत. पहिले कारण म्हणजे अपघात. रस्ता ओलांडताना मोटारीचा धक्का बसला, की मणका मोडू शकतो. दुसरे कारण म्हणजे मणक्यांमधली गादी सरकणे. दोन मणक्यांच्या मध्ये एक मऊ गादी असते. ती बाहेर आली, की मज्जारज्जू दाबला जातो. डॅक्सहुंड जातीच्या कुत्र्यांना हा त्रास पुष्कळ वेळा होतो. त्यांची पाठ लांब आणि पाय आखूड असतात, हे तुम्ही चित्रात पाहिले असेल. तिसरे कारण म्हणजे म्हातारपणीचे आजार. जर्मन शेफर्ड जातीच्या काही कुत्र्यांचे मागचे पाय म्हातारपणी हळूहळू शक्तिहीन होत जातात.

मागचे पाय गेले, की कुत्र्याचे नुसते धावणेच थांबत नाही. जमिनीवर अंग घासून त्याची कातडी सोलवटते. त्या जागी जखमा होतात. पायांची बोटे घासून रक्त येते. एकाच कुशीवर पडून राहिल्यामुळेही अंगावर जखमा होतात. पाय वापरात नसले, की त्यांचे स्नायू बारीक होतात. अंगणात जाता येत नाही, ओळखीच्या वासाचा माग काढता येत नाही, दारावर आलेल्या पाहुण्याचे स्वागत करता येत नाही. मग कुत्रा उदास होतो. पूर्वी अशा कुत्र्याकडे पाहून लोक म्हणत, "आता याचे काही खरे नाही." पुष्कळदा अशा कुत्र्याला औषध देऊन कायमचे झोपवले जाई. पण काही माणसांच्या मनात वेगळाच विचार आला. कुत्र्याचे दोन पाय गेले खरे, पण दोन पाय तर चांगले आहेत! मग उरलेल्या दोन पायांच्या जागी चाके लावली तर?

अमेरिकेतील डॉ. लिंकन पार्क्स या पशुवैद्यांनी 1960 च्या दशकातच कुत्र्यांसाठी अशा गाड्या बनवायला सुरुवात केली होती. पुढे 1989 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात आणखी एक गोष्ट घडली. तेथील एड ग्रिनेल आणि त्यांची पत्नी लेस्ली यांच्याकडे डोबरमन जातीची एक कुत्री होती. ती दहा वर्षांची होती. तिचे मागचे पाय अचानक लुळे पडले. एड हे यंत्रे बनवणारे अभियंते होते. त्यांनी आपल्या कुत्रीसाठी स्वतःच्या हातांनी चाकांची गाडी तयार केली. नंतर इतरांच्या कुत्र्यांसाठीही ते गाड्या करू लागले. हळूहळू त्यातून गाड्यांचा कारखानाच उभा राहिला. आज निरनिराळ्या देशांत अशा गाड्या बनतात. काही ठिकाणी लोक प्लॅस्टिकचे नळ आणि जुनी चाके वापरून घरच्या घरीही त्या बनवतात.

ही गाडी दिसते कशी? तिला कुत्र्याची चाकांची खुर्ची असेही म्हणतात. पण तिच्यात खुर्चीसारखी बसायची जागा नसते. कुत्रा तिच्यात बसत नाही, तो तिच्यात उभा राहतो. गाडीला ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा एक सांगाडा असतो. ॲल्युमिनियम हा धातू हलका असतो आणि तो लोखंडासारखा गंजत नाही. सांगाड्याच्या दोन बाजूंना दोन चाके असतात. दोन्ही चाकांच्या मध्ये एक मऊ आधार असतो. त्याला दोन भोके असतात. आपण चड्डीत पाय घालतो ना, तसे कुत्र्याचे मागचे पाय त्या भोकांतून घालतात. त्यामुळे त्याची कंबर त्या आधारावर टेकते. सांगाड्याच्या दोन दांड्या कुत्र्याच्या दोन्ही कुशींना लागून पुढे जातात. खांद्यावरून आणि छातीखालून जाणाऱ्या पट्ट्यांनी त्या अंगाला बांधतात. मागची पावले जमिनीवर घासू नयेत, म्हणून ती दोन मऊ पट्ट्यांत अलगद अडकवून ठेवतात. झाली गाडी तयार! हिला इंजिन नाही, बटण नाही, पेट्रोल तर नाहीच नाही.

मग ही गाडी चालते कशी? ती चालवतो कुत्राच! उभ्या असलेल्या कुत्र्याचा अर्ध्याहून अधिक भार पुढच्या पायांवर असतो. मोतीचे वजन 20 किलो असेल, तर सुमारे 12 किलो भार पुढच्या दोन पायांवर आणि सुमारे 8 किलो भार मागच्या दोन पायांवर पडतो. मागच्या पायांवरचा हा 8 किलो भार आता चाके घेतात. पुढचे पाय पूर्वीप्रमाणेच आपला भार पेलतात आणि शरीर पुढे ओढतात. म्हणजे गाडी मोतीला चालवत नाही, मोती गाडीला चालवतो.

चाके कोठे लावायची, यात मोठी हुशारी आहे. ती समजण्यासाठी एक प्रयोग करून पाहू. एक लांब पट्टी आणि एक पेन्सिल घ्या. पेन्सिल टेबलावर आडवी ठेवा आणि पट्टीचा मधला भाग तिच्यावर ठेवा. पेन्सिल म्हणजे गाडीची चाके. पट्टीचे डावे टोक म्हणजे मोतीचे खांदे. आता खोडरबर घ्या. खोडरबर म्हणजे मोतीची कंबर. खोडरबर पेन्सिलीच्या अगदी वर ठेवा. पट्टी साधारण आडवी राहील. आता खोडरबर उजवीकडे सरकवा. डावे टोक वर उचलले गेले ना? म्हणजे कमरेच्या मानाने चाके फार पुढे असली, तर मोतीचे पुढचे अंग वर उचलले जाईल. त्याचे पुढचे पाय नीट टेकणार नाहीत. आता खोडरबर पेन्सिलीच्या डावीकडे आणा. डावे टोक खाली दबले. म्हणजे चाके फार मागे असली, तर मोतीच्या खांद्यांवर नको तेवढे ओझे पडेल. म्हणून चाके कमरेच्या खालीच हवीत. सी-सॉवर खेळताना तुम्ही जो समतोल साधता, तोच येथे साधावा लागतो.

याच कारणासाठी गाडी बनवण्यापूर्वी कुत्र्याचे माप घेतात. शिंपी जसा तुमच्या गणवेशाचे माप घेतो, तसेच. कुत्र्याला दोघांनी धरून सरळ उभे करायचे आणि टेपने मोजायचे. जमिनीपासून मांडीच्या वरच्या टोकापर्यंत उंची किती? खांद्यापासून कमरेपर्यंत लांबी किती? कमरेची रुंदी किती? आणि वजन किती? गाडी फार उंच झाली, तर कुत्र्याची पाठ पुढे उतरती होते. फार बुटकी झाली, तर मागचा भाग खाली लोंबतो. पाठ आडवी, सरळ राहिली, की समजावे, गाडी मापात बसली. एकाची गाडी दुसऱ्याला सहसा चालत नाही. तुमच्या बुटात तुमच्या बाबांचा पाय मावेल का?

सगळ्याच कुत्र्यांना दोन चाकांची गाडी पुरत नाही. ज्याचे पुढचे पायही कमजोर झाले आहेत, त्याला चार चाकांची गाडी लागते. ज्याला पुढचे पायच नाहीत, त्याच्या गाडीची चाके पुढच्या बाजूला असतात. वाळूत आणि गवतात हिंडायचे असेल, तर चाके थोडी रुंद हवीत. बारीक चाके वाळूत रुतून बसतात.

गाडी आली, म्हणजे सारे झाले, असे मात्र समजू नका. पहिल्या दिवशी काही कुत्री गाडी बांधताच चालू लागतात. काही मात्र जागच्या जागी खिळून उभी राहतात. 'हे माझ्या अंगाला काय चिकटले?' असे जणू त्यांच्या डोळ्यांत दिसते. अशा वेळी त्यांना ढकलू नये, ओढू नये. सपाट जागी उभे करावे. समोर थोड्या अंतरावर त्यांच्या आवडीचा खाऊ धरावा आणि गोड शब्दांत बोलवावे. कुत्रा एक पाऊल टाकतो. चाके फिरतात. तो थबकतो. मग आणखी एक पाऊल टाकतो. पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटे पुरेत. पुढच्या पायांना आणि खांद्यांना जास्त काम करायची सवय नसते, म्हणून ते लवकर थकतात. रोज थोडी थोडी वेळ वाढवावी. सवय झाली, की तोच कुत्रा वळणे घेतो, मांजराच्या मागे लागतो आणि मालकालाच पळवतो!

गाडीतल्या कुत्र्याची काळजी रोज घ्यावी लागते. गाडीत असताना त्याला नीट आडवे होता येत नाही, म्हणून थकला की त्याला बाहेर काढावे लागते. रात्री तर तो आपल्या मऊ अंथरुणावरच झोपतो. गाडी बांधून त्याला एकटे सोडून जाऊ नये. चाक खाचेत अडकले, तर गाडी उलटू शकते. पायऱ्या तर त्याच्यासाठी धोक्याच्याच. गाडी काढली, की पट्ट्यांखालची कातडी पाहावी. कोठे लाल झाले असेल, तर पट्टा बदलावा किंवा त्याखाली मऊ कापड लावावे. काही कुत्र्यांना आपली लघवी झालेली कळत नाही. त्यांना रोज स्वच्छ करावे लागते. चाके, खिळे आणि स्क्रू घट्ट आहेत ना, तेही पाहावे लागते. हे काम एका दिवसाचे नाही. ते रोजचे आहे आणि घरातल्या सर्वांनी मिळून करायचे आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. गाडी हे औषध नव्हे. तुटलेला मज्जारज्जू ती जोडू शकत नाही. काही कुत्र्यांचे पाय उपचारांनी आणि व्यायामाने पुन्हा चालू लागतात, तर काहींना जन्मभर गाडी लागते. एखाद्या कुत्र्याला इतक्या वेदना होत असतात, की त्याला गाडीचा उपयोगच नसतो. म्हणून गाडी द्यायची की नाही, हे पशुवैद्याने तपासूनच ठरवायचे असते.

मुलांनो, आपल्या मॉरिशसमध्ये रस्त्यांवर पुष्कळ कुत्री हिंडतात. मोटारीचा धक्का लागून एखादा कुत्रा पडलेला तुम्हाला दिसला, तर तुम्ही काय कराल? धावत जाऊन त्याला उचलाल का? नाही! दोन कारणांसाठी तसे करू नये. एक म्हणजे, वेदनेने घाबरलेला कुत्रा चावू शकतो. दुसरे म्हणजे, पाठीला मार लागलेल्या कुत्र्याला वेडेवाकडे उचलले, तर मज्जारज्जूला आणखी इजा होते. जो कुत्रा कदाचित पुन्हा चालला असता, तो आपल्याच हातून कायमचा लुळा होऊ शकतो. म्हणून तुम्ही रस्त्यात न जाता आधी मोठ्या माणसाला बोलवा. मोठी माणसे त्याला सपाट फळीवर हळूच सरकवतात, पाठ न वाकवता फळीसकट उचलतात आणि पशुवैद्याकडे नेतात. मोठ्यांना वेळेवर बोलावणे हीसुद्धा मोठी मदत आहे.

आणि गाडीतला कुत्रा तुम्हाला भेटला तर? प्रथम त्याच्या मालकाला विचारा, "मी याच्याजवळ येऊ का?" मग शांतपणे त्याच्या बाजूला बसा आणि त्याला तुमचा हात हुंगू द्या. त्याची गाडी मागून ढकलू नका. चाके गंमत म्हणून फिरवू नका. 'बिचारा, बिचारा' असे म्हणत त्याच्याभोवती गर्दीही करू नका. तो बिचारा नाही. तो फिरायला निघालेला एक कुत्रा आहे.

तुमच्या आजोबांचा चष्मा आठवा. चष्मा काही स्वतः वर्तमानपत्र वाचत नाही. वाचतात आजोबाच. चष्मा फक्त त्यांच्या डोळ्यांना मदत करतो. आजीची काठी काही स्वतः देवळात जात नाही. जाते आजीच. मोतीची गाडीही तशीच आहे. मोतीला उचलून कडेवर घेतले, तर तो आपल्याला हवे तेथे जाईल. गाडी दिली, तर तो त्याला हवे तेथे जाईल. कोणत्या झाडाचा वास घ्यायचा, कोणत्या दारापाशी थांबायचे, हे तोच ठरवील. ज्याला जे स्वतः करता येते, ते त्याला करू द्यावे आणि जेथे त्याचे बळ कमी पडते, तेवढाच आधार द्यावा. खरी मदत ती हीच.

मग तुम्ही शाळेतून घरी याल आणि फाटकातून हाक माराल, "मोती!" अंगणातून चाकांचा खडखड आवाज येईल. दोन पाय आणि दोन चाके तुमच्याकडे धावत येतील.

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मेंदूचा हुकूम पायांपर्यंत कोणत्या वाटेने पोचतो?
(आ) गाडीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा का करतात?
(इ) वाळूत हिंडण्यासाठी गाडीची चाके कशी हवीत?

2. कारणे द्या.
(अ) एका कुत्र्याची गाडी दुसऱ्याला सहसा चालत नाही.
(आ) जखमी कुत्र्याला घाईने उचलू नये.

3. पट्टी, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन पाठातील प्रयोग करा. काय दिसले, ते चार वाक्यांत लिहा.

4. "मोती गाडीला चालवतो" या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

5. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणाला चष्मा, काठी किंवा चाकांची खुर्ची लागते का? त्या व्यक्तीला कोणती कामे स्वतः करायला आवडतात, ते विचारा व वर्गात सांगा.